नफा दिसतो, पण पैसा कुठाय?

कॅन्टीनमधली टिप, मोबाइलवरचा हिरवा बाण आणि मित्राचं ‘घेऊन टाक गं’... शेअर विकत घ्यायला एवढं पुरतं. पण कंपनीची खरी तब्येत कळायची असेल, तर तिचा वार्षिक अहवाल उघडायला हवा. घाबरू नका, त्यासाठी सीए असायची गरज नाही. पोळी-भाजी केंद्राचा हिशेब समजत असेल, तर हेही समजतं!

जानेवारी २०१८. नोकरी नवी, पगार बेताचा आणि ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये विषय एकच... शेअर! सेल्समधला एक मित्र समोसा चटणीत बुडवता बुडवता म्हणाला, ‘ही इन्फ्रावाली कंपनी बघ. दर क्वार्टरला नफा वाढतोय. ८४ला मिळतेय. वर्षात डबल!’ नव्या लॅपटॉपसाठी बाजूला ठेवलेले ४२ हजार मी काढले आणि ५०० शेअर घेतले. पुढचे दोन आठवडे दिवसातून चाळीस वेळा मोबाइल बघायचा, एवढाच उद्योग.

मग भाव घसरायला लागला. ७० झाला तेव्हा मित्र म्हणाला, ‘करेक्शन आहे.’ ५२ झाला तेव्हा म्हणाला, ‘ॲव्हरेज कर.’ ३० झाला तेव्हा त्याने कॅन्टीनमध्ये माझ्या टेबलावर बसणंच सोडलं. शेअर ११ रुपयांवर आला, तेव्हा मी एका सीए मैत्रिणीसमोर रडगाणं गायला बसले. तिने शांतपणे एकच प्रश्न विचारला, ‘कंपनीचा ॲन्युअल रिपोर्ट वाचला होतास?’

वाचायचा असतो? मला तर वाटायचं, ते फक्त चकचकीत कागदावरचे अध्यक्षांचे फोटो असतात.

तिने लॅपटॉपवर मी शेअर घेतला त्याच्या आधीच्या वर्षीचा अहवाल उघडला. अध्यक्षांचा हसरा फोटो, झाडं लावणारे कर्मचारी, उगवत्या सूर्यासमोरची क्रेन हे सगळं मागे टाकत ती थेट शेवटच्या पानांवर गेली. दहा मिनिटांत तिने चार गोष्टी दाखवल्या. तीन वर्षं नफा वाढत होता. त्याच तीन वर्षांत धंद्यातून हातात आलेली रोकड मात्र उणे होती. गिऱ्हाइकांकडून येणं असलेली रक्कम दुपटीहून जास्त झाली होती. आणि कर्जही दुप्पट. ‘हे सगळं तू शेअर घेतलास त्याच्या कितीतरी आधीपासून वेबसाइटवर पडलं होतं,’ ती म्हणाली, ‘आणि तेही फुकट.’

राग आला. आधी मित्राचा, मग कंपनीचा आणि शेवटी स्वतःचा. हा लेख त्या रागातूनच आलाय म्हणा ना!

पोळी-भाजीचा ताळेबंद

कंपनी कितीही मोठी असो, तिचा हिशेब तीन कागदांवर मावतो. ताळेबंद म्हणजे बॅलन्स शीट, नफा-तोटा पत्रक आणि कॅश फ्लो स्टेटमेंट. ताळेबंद सांगतो, ३१ मार्चच्या रात्री कंपनीकडे काय आहे आणि ती कुणाला किती देणं लागते. नफा-तोटा पत्रक सांगतं, वर्षभरात किती विक्री झाली, किती खर्च झाला, उरलं किती. आणि कॅश फ्लो सांगतो, खरोखरचा पैसा कुठून आला आणि कुठे गेला.

शेवटच्या दोघांत फरक काय? फंडा क्लिअर व्हावा म्हणून आपण कोथरूडमधल्या एका वहिनींच्या पोळी-भाजी केंद्रात जाऊ.

वहिनी रोज १०० जणांचे डबे देतात. एका डब्याचे महिन्याचे ३,००० रुपये. म्हणजे महिन्याची विक्री तीन लाख. किराणा, भाजी आणि गॅस दीड लाख. पोळ्या लाटणाऱ्या आणि डबे पोचवणाऱ्यांचे पगार ७० हजार. गाळ्याचं भाडं ३० हजार. एकूण खर्च अडीच लाख. नफा ५० हजार. सॉलिड ना?

आता थांबा. या १०० पैकी ४० डबे जातात जवळच्या एका ऑफिसात. ऑर्डर मोठी, पण अट अशी की बिल तीन महिन्यांनी मिळणार. म्हणजे दरमहा १ लाख २० हजार रुपये वहिनींच्या वहीत ‘विक्री’ म्हणून लिहिले जातात, पण गल्ल्यात येत नाहीत. गल्ल्यात येतात १ लाख ८० हजार आणि बाहेर जातात अडीच लाख. भाजीवाला आणि मावशी तीन महिने थांबणार नाहीत! म्हणजे नफा ५० हजार आणि गल्ला ७० हजारांनी उणे. असे तीन महिने गेले की वहीतला नफा दीड लाख, येणी ३ लाख ६० हजार आणि गल्ल्यातली तूट २ लाख १० हजार. ती भरायला वहिनी बांगड्या गहाण ठेवतात.

वहिनींनी कुणाला फसवलंय का? अजिबात नाही. त्यांचा नफा खोटाही नाही. हिशेबाचा जगभरचा नियमच असा आहे की माल दिला, सेवा दिली, की विक्री लिहायची. पैसे कधी येतात हा वेगळा मुद्दा. आणि गंमत बघा, धंदा वाढतोय म्हणूनच वहिनींना पैसा कमी पडतोय. उद्या ते ऑफिस ८० डबे मागायला लागलं, तर वहीतला नफा वाढेल आणि बांगड्यांच्या जोडीला मंगळसूत्रही जाईल.

खरा प्रश्न पुढचा आहे. तीन महिन्यांनी ते ऑफिस पैसे देतं का? दिले तर वहिनी हुशार. नाही दिले तर तो नफा कधी नव्हताच.

उलटा प्रकारही असतो. वहिनींनी १ लाख २० हजारांचं पोळ्यांचं मशीन रोख घेतलं. पैसे एका झटक्यात गेले, पण वहीत तो खर्च एकदम लिहायचा नसतो. मशीन पाच वर्षं चालणार असं धरलं, तर महिन्याला २,००० रुपये घसारा म्हणून वजा होतात. आता वहिनींनी ठरवलं की मशीन दहा वर्षं चालणार, तर घसारा लगेच निम्मा आणि नफा महिन्याला १,००० रुपयांनी जास्त. एक पोळीही जास्त विकली गेली नाही हं!

म्हणजे नफ्यात अंदाज असतात. मशीन किती वर्षं टिकेल, उधारी किती बुडेल, अर्धवट झालेलं काम किती टक्के पुरं झालं. अंदाज प्रामाणिक असेल तर काही बिघडत नाही. पण अंदाज करणारा तोच असतो, ज्याचा बोनस नफ्यावर ठरतो. म्हणून एका वर्षाचा नफा बघून भुलायचं नाही. पाच वर्षांचा नफा एकीकडे आणि धंद्यातून आलेली पाच वर्षांची रोकड दुसरीकडे, अशी बेरीज मांडायची. कॅश फ्लोमध्ये या रोकडीची ओळ ‘कॅश फ्लो फ्रॉम ऑपरेटिंग ॲक्टिव्हिटीज’ या नावाने येते. दोन्ही बेरजा साधारण बरोबरीने चालल्या तर ठीक. नफा डोंगराएवढा आणि रोकड उणे, असं वर्षानुवर्षं चाललं असेल, तर समजायचं की वहिनींच्या बांगड्या कुठेतरी गहाण आहेत.

कोकणात पोचलेली गोष्ट

हे एवढं साधं असेल, तर मोठमोठे तज्ज्ञ कसे फसतात? त्यासाठी एक नाव आठवा. एन्रॉन!

आपल्या आई-बाबांच्या पिढीला हे नाव पाठ आहे. रत्नागिरी जिल्ह्यात गुहागरजवळचा दाभोळ वीज प्रकल्प याच अमेरिकन कंपनीचा. त्या विजेच्या दरावरून नव्वदच्या दशकात महाराष्ट्राचं राजकारण तापलं होतं. २००१ मध्ये बिलांच्या वादातून तो प्रकल्प बंद पडला. आणि त्याच वर्षी, २ डिसेंबर २००१ रोजी, खुद्द एन्रॉननेच दिवाळखोरीचा अर्ज केला. आदल्या वर्षी, २००० मध्ये, याच कंपनीने १०० अब्ज डॉलरहून जास्त विक्री दाखवली होती आणि तिचा शेअर ९० डॉलरपर्यंत गेला होता.

एन्रॉनची एक युक्ती वहिनींच्या भाषेत सांगते. समजा, वहिनींनी त्या ऑफिसशी तीन वर्षांचा करार केला आणि सही झाली त्याच दिवशी पुढच्या तीन वर्षांचा अंदाजे नफा आजच्या वहीत लिहून टाकला. एकही डबा भरला नाही, एकही पोळी लाटली नाही, पण नफा मात्र झाला! एन्रॉन आपल्या लांब मुदतीच्या वायू आणि विजेच्या करारांचा हिशेब असाच करायची. याला ‘मार्क टू मार्केट’ म्हणतात. ही पद्धत बेकायदा नाही. रोज बाजारभाव मिळणाऱ्या शेअर-रोख्यांसाठी ती योग्यच आहे. पण वीस वर्षांनंतर विजेचा भाव काय असेल हे कुठल्या बाजारात छापून येतं? तो अंदाज कंपनीच करणार आणि त्यावर नफाही कंपनीच लिहिणार. जोडीला बाजूच्या कंपन्या काढून कर्ज तिकडे लपवलेलं. नफा वहीत, कर्ज वहीबाहेर!

आता खरी मजा. १९९८ मध्ये, म्हणजे एन्रॉन कोसळायच्या तीन वर्षं आधी, अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या एमबीएच्या विद्यार्थ्यांनी क्लासरूम प्रोजेक्ट म्हणून या कंपनीचे आकडे तपासले. हातात काय होतं? फक्त जाहीर हिशेब. त्यांनी इंडियाना विद्यापीठाचे प्राध्यापक मेसोद बेनिश यांचं मॉडेल वापरलं. त्यात आठ गुणोत्तरं असतात. विक्रीच्या मानाने येणी किती वेगाने वाढली, मार्जिन घसरतंय का, घसारा अचानक कमी झालाय का, नफा आणि रोकड यांच्यात किती अंतर आहे... साधारण आपण वहिनींना विचारले तेच प्रश्न. उत्तर आलं की एन्रॉन नफा फुगवत असण्याची शक्यता आहे. पोरांनी शिफारस लिहिली, ‘विका.’

पण पुढचंही सांगायला हवं. त्यानंतर दोन वर्षं तो शेअर वाढतच राहिला. ‘विका’ म्हणणारी पोरं येडी ठरली असणार! म्हणजे हिशेब तुम्हाला ‘काय’ ते सांगतो, ‘कधी’ ते सांगत नाही. खोटा नफा उघडा पडायला वेळ लागू शकतो आणि तेवढ्या वेळात कॅन्टीनमधले मित्र पैसे कमावताना दिसतात. त्यांच्याकडे बघत गप्प बसणं, हा या खेळातला सगळ्यात अवघड भाग.

रोकडच खोटी असेल तर?

एव्हाना तुम्ही म्हणाल, फंडा कळला. नफ्यावर विश्वास नाही, रोकडीवर विश्वास. तर मग आता आपल्याच देशातली गोष्ट. सत्यम कॉम्प्युटर्स.

हैदराबादची ही कंपनी देशातल्या पहिल्या चार-पाच आयटी कंपन्यांत गणली जायची. ५० हजारांहून जास्त कर्मचारी. २००७-०८ या वर्षात सुमारे ८,४७३ कोटींची विक्री आणि सुमारे १,६८८ कोटींचा नफा. कर्ज जवळपास नाही आणि बँकेत हजारो कोटी. सप्टेंबर २००८ मध्ये तर उत्तम कारभारासाठीचं ‘गोल्डन पीकॉक’ ॲवॉर्डही मिळालं.

१६ डिसेंबर २००८ रोजी सत्यमने जाहीर केलं की मेटास प्रॉपर्टीज आणि मेटास इन्फ्रा या दोन कंपन्या ती १६० कोटी डॉलरना विकत घेणार. दोन्ही अध्यक्ष रामलिंग राजू यांच्या कुटुंबाशी निगडित. मेटासचं इंग्रजी स्पेलिंग उलटं वाचलं की सत्यम होतं! सॉफ्टवेअर कंपनीने घरबांधणीत का पडावं? गुंतवणूकदार भडकले, न्यूयॉर्कच्या बाजारात शेअर एका दिवसात निम्म्याहून खाली आला आणि काही तासांत सौदा गुंडाळला गेला.

तीन आठवड्यांनी, ७ जानेवारी २००९ रोजी, राजू यांचं पत्र आलं. सप्टेंबर २००८ च्या ताळेबंदात रोकड आणि बँक शिल्लक दाखवली होती ५,३६१ कोटी. त्यातले ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. त्यावरचं ३७६ कोटींचं व्याजही नव्हतं. १,२३० कोटींचं देणं दाखवलंच नव्हतं. येणी ४९० कोटींनी फुगवली होती. त्या तिमाहीत विक्री २,७०० कोटी आणि ऑपरेटिंग नफा ६४९ कोटी दाखवला होता. खरे आकडे होते २,११२ कोटी आणि ६१ कोटी. म्हणजे २४ टक्के मार्जिन प्रत्यक्षात ३ टक्के होतं! सुरुवातीला लहान असलेली ही दरी वर्षागणिक वाढत गेली आणि मेटासचा सौदा म्हणजे खोट्या मालमत्तेच्या जागी खरी मालमत्ता आणायचा शेवटचा प्रयत्न होता, असं त्यांनीच लिहिलं. वाघावर स्वार झाल्यावर खाली कसं उतरायचं हे कळत नव्हतं, असंही.

त्या दिवशी मुंबईत शेअर सुमारे १७९ रुपयांवरून ४० रुपयांच्या आसपास आला.

इथे आपला रोकडीचा नियम फसतो, हे प्रामाणिकपणे मान्य करू. तपासात बनावट इनव्हॉइस निघाले साडेसात हजारांच्या आसपास. बँकेची खोटी स्टेटमेंट्स निघाली, फिक्स्ड डिपॉझिटच्या खोट्या पावत्या निघाल्या. बँक शिल्लकच खोटी, म्हटल्यावर कॅश फ्लोही खोटा. घरबसल्या अहवाल वाचणाऱ्याला बँकेत फोन करून विचारता येत नाही. ते काम ऑडिटरचं.

मग आपण काय करू शकतो? वहिनींना विचारायचा पुढचा प्रश्न विचारू शकतो. ‘एवढे पैसे जमलेत, तर त्याचं करताय काय?’ खरा पैसा कुठेतरी दिसतो. तो व्याज आणतो. तो भागधारकांना लाभांश म्हणून मिळतो. त्यातून कर्ज फिटतं, नवीन धंदा उभा राहतो. वर्षानुवर्षं रोकडीचा ढीग नुसता वाढतोय, त्या मानाने भागधारकांना थोडंच मिळतंय आणि एक दिवस तो सगळा ढीग मालकांच्या नात्यातल्या कंपन्यांवर उधळायचा बेत निघतो, म्हणजे प्रश्न विचारायची वेळ आली. सत्यममध्ये आणखी एक खूण होती. मालकांचा स्वतःचा हिस्सा घसरत घसरत १० टक्क्यांच्याही खाली गेला होता आणि उरलेले शेअर गहाण होते. स्वयंपाकीच त्या डब्यातलं जेवत नसेल, तर आपण का जेवावं?

पुढे सरकारने सत्यमचं संचालक मंडळ बदललं आणि एप्रिल २००९ मध्ये आपल्या पुण्याच्या टेक महिंद्राने ५८ रुपये शेअर या भावाने बोली जिंकून कंपनी वाचवली. २०१३ मध्ये ती टेक महिंद्रात विलीन झाली. २०१५ मध्ये हैदराबादच्या विशेष न्यायालयाने राजू यांच्यासह दहा जणांना दोषी ठरवलं. त्याविरुद्ध अपील होऊन त्यांना जामीन मिळाला.

पण त्या जानेवारीत नुकसान फक्त शेअरवाल्यांचं होतं का? ५० हजार जणांचा पगार, ईएमआय, लग्नं, व्हिसा सगळं टांगणीला लागलं होतं. त्यांनी कुठलीही टिप घेतली नव्हती. फक्त नोकरी घेतली होती.

स्वस्त म्हणजे किती?

आता समजा, हिशेब खरा आहे. मग कंपनीची किंमत किती? पुन्हा वहिनींकडे.

वहिनींना केंद्र विकायचंय. भांडी, फ्रिज, शेगड्या मिळून अडीच लाखांचा माल. पण कुणी भांड्यांसाठी केंद्र घेत नाही, ते पुढच्या कमाईसाठी घेतात. महिन्याला ५० हजार म्हणजे वर्षाला सहा लाख. मशीनचा घसारा सोडून देऊ. पण वहिनी स्वतः दिवसभर राबतात, त्यांचा पगार कुठे धरलाय? तेवढ्या कामाला माणूस ठेवला तर महिन्याला २५ हजार. ते वजा केले की खरा नफा वर्षाला तीन लाख.

तुम्हाला तुमच्या पैशावर वर्षाला १५ टक्के सुटायला हवेत असं वाटत असेल, तर तीन लाखांसाठी तुम्ही २० लाख द्याल. दहा टक्क्यांवर समाधानी असाल, तर ३० लाखही द्याल. झालं व्हॅल्युएशन! बाकी सगळी मोठमोठी मॉडेल्स म्हणजे याच गणिताचे लांबलचक अवतार. पुढे किती पैसे येणार, किती खात्रीने येणार आणि त्यासाठी आज किती मोजायचे.

टीव्हीवर सतत ऐकू येणारा पी/ई रेशो म्हणजे शेअरचा भाव भागिले प्रति शेअर नफा. केंद्र २० लाखांना घेतलं तर पी/ई सात-एक. ३० लाखांना घेतलं तर दहा. वहिनींनी ६० लाख मागितले, तर पी/ई वीस. म्हणजे आजच्याच वेगाने पैसे वसूल व्हायला वीस वर्षं. तरीही घेणार असाल, तर तुमचा विश्वास हवा की डबे १०० वरून ३०० होतील. तो विश्वास चुकीचाच असेल असं नाही. पण आपण विश्वास विकत घेतोय, पोळ्या नाही, हे माहीत असलेलं बरं.

आणि स्वस्त पी/ई म्हणजे लॉटरी, असंही नाही. सत्यमचा प्रति शेअर नफा सुमारे २५ रुपये दाखवला गेला होता. १७९ रुपयांच्या भावाला पी/ई पडतो जेमतेम सात. सेल लागलाय, असंच वाटेल! भागाकारात खालचा आकडाच खोटा असेल, तर उत्तर कितीही मोहक असलं तरी उपयोग शून्य. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी हिशेब खरा आहे का ते बघायचं, मग भाव स्वस्त आहे का ते.

सुट्टीच्या दिवसाचा एक तास

अहवाल कंपनीच्या आणि स्टॉक एक्स्चेंजच्या वेबसाइटवर फुकट मिळतो. कुठे बघायचं?

▪ ऑडिटरचा रिपोर्ट : सगळ्यात आधी हाच. ‘क्वालिफाइड ओपिनियन’ म्हणजे ऑडिटरला काहीतरी पटलेलं नाही. ‘की ऑडिट मॅटर्स’ या भागात हिशेबातल्या नाजूक जागा तो स्वतःच दाखवतो. ऑडिटर मुदतीआधीच सोडून गेला असेल तर कान टवकारा.

▪ नफा आणि रोकड : पाच वर्षांची बेरीज, शेजारी शेजारी.

▪ येणी : येणी भागिले विक्री गुणिले ३६५ म्हणजे सरासरी किती दिवसांची उधारी. वहिनींची वर्षाची विक्री ३६ लाख आणि येणी ३ लाख ६० हजार, म्हणजे साडेछत्तीस दिवस. कंपनीचा हा आकडा दरवर्षी वाढतोय का? २०२१-२२ पासून कंपन्यांना कुठली येणी किती जुनी हेही कोष्टकात द्यावं लागतं. तीन वर्षांपेक्षा जुन्या येण्यांचा रकाना नक्की बघा.

▪ कर्ज आणि व्याज : ऑपरेटिंग नफा व्याजाच्या किती पट आहे? पगारातून ईएमआय गेल्यावर आपल्या हातात काय उरतं, तेच गणित.

▪ रिलेटेड पार्टी : मालकांच्या नात्यातल्या कंपन्यांशी झालेले व्यवहार. कर्ज कुणाला दिलंय, जागा कुणाची भाड्याने घेतलीय, सगळं इथे सापडतं.

▪ संभाव्य देणी : कोर्टकज्जे, करांचे वाद, दुसऱ्यासाठी दिलेल्या हमी. ताळेबंदात नसतात, टिपांमध्ये लपलेल्या असतात.

▪ गहाण शेअर : मालकांनी आपले किती शेअर गहाण ठेवलेत हे जाहीर करणं सत्यमनंतर, २००९ पासून सक्तीचं झालं.

एक सूचना मस्ट! बँका आणि फायनान्स कंपन्यांना हा रोकडीचा नियम जसाच्या तसा लावू नका. पैसा हाच त्यांचा माल असतो, त्यामुळे कर्जवाटप वाढलं की त्यांची रोकड उणे दिसतेच. तिथे थकीत कर्जं बघायची. आणि शक्य तिथे ‘कन्सॉलिडेटेड’ म्हणजे उपकंपन्यांसह एकत्र हिशेब वाचायचा. नाहीतर कर्ज बसलंय धाकट्याच्या खोलीत आणि आपण बघतोय फक्त दिवाणखाना!

ऑफर लेटरआधी

‘मी शेअर घेतच नाही, मला काय त्याचं?’ असं म्हणणाऱ्यांसाठी शेवटचा मुद्दा. तुमची सगळ्यात मोठी गुंतवणूक डीमॅटमध्ये नसते, ती असते ज्या कंपनीत तुम्ही दिवसाचे दहा तास देता तिथे. त्यात ईसॉप मिळाले असतील तर पगार आणि बचत दोन्ही एकाच टोपलीत. स्टार्टअप शेअर बाजारात नसली, तरी तिला वर्षाचे हिशेब कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे द्यावेच लागतात. थोडी फी भरून ते ऑनलाइन बघता येतात. ‘आमचं व्हॅल्युएशन अमुक कोटी’ हे एचआर सांगणारच. पण शेवटच्या ताळेबंदात बँकेत किती होते आणि दर महिन्याला किती जळतात, हा भागाकार तुम्ही करा. उत्तर महिन्यांत येतं. तेवढे महिने तुमचा पगार पक्का.

माझे ते ५०० शेअर अजून डीमॅटमध्ये आहेत. विकले नाहीत. क्लासची फी भरल्याची पावती समजून ठेवलेत. आता नवीन काही घ्यायच्या आधी एक सकाळ, एक मोठा कप चहा आणि अहवालाची शेवटची पानं. दहातल्या आठ कंपन्या तिथेच गळतात.

मागच्या महिन्यात वहिनींकडे गेले, तर त्या ऑफिसचे डबे बंद. विचारलं तर म्हणाल्या, ‘अगं, महिनाभराचे पैसे आधी द्या म्हटलं, तर मॅनेजर म्हणे बसत नाही नियमात. मग मीही म्हटलं, माझ्याही नियमात बसत नाही.’

‘पण वहिनी, ४० डबे गेले की! नफा कमी होईल...’

त्यांनी गल्ल्याचा ड्रॉवर ओढून दाखवला. नोटा, चिल्लर आणि एका कोपऱ्यात सोडवून आणलेल्या बांगड्यांची पावती.

‘नफा इथे दिसला की मोजायचा,’ त्या म्हणाल्या. ‘तुझं सांग, पोळ्या किती देऊ?’